रिकाम्या खुर्चीचं मत

त्या इमारतीत तिला समोर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की कात्री. हे टोपणनाव तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचंही. शेजारच्या संस्थेच्या संचालकाला त्याची माणसं मागून भोपळा म्हणत. त्या मानानं कात्री पुष्कळच बरं.

तिचं काम नेमकं काय, हे तिच्या नवऱ्यालाही धड सांगता येत नसे. दारावरच्या पाटीवर शेती, अन्न, जैवविज्ञान आणि नवकल्पना असे सगळे शब्द एकाच ओळीत कोंबलेले होते. वाचता वाचता माणसाला धाप लागावी अशी ती पाटी. साध्या भाषेत सांगायचं तर मामला असा होता. प्रयोगशाळेत कुणाला तरी काहीतरी सुचतं. कधी एखादा जिवाणू असतो, कधी एखादं तेल, कधी एखादं बी. काचेच्या बशीत ते अगदी शहाण्यासारखं वागतं आणि शेतात किंवा कारखान्यात नेलं की तोंड फिरवतं. बशीपासून कारखान्यापर्यंतची वाट ज्यांना चालायची आहे त्यांना जागा, माणसं आणि टाक्या मिळवून द्यायच्या, आणि ज्यांना ती जमणार नाही त्यांना वेळीच थांबवायचं. यातलं पहिलं काम कुणीही हसतमुखानं करील. दुसऱ्यासाठी तिला नेमलं होतं.

ती एका पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी. शिकली जीवशास्त्र आणि नोकरीला लागली बिस्किटांच्या कारखान्यात. तिथं दिवसभर बिस्किटं मोडून बघायची, चावून बघायची आणि चांगली की वाईट ते सांगायचं. वाईट म्हटलं की भट्टीवाले चिडायचे, चांगलं म्हटलं की मालक विचारायचा, मग तुला ठेवलीय कशाला? दोन्हीकडून बोलणी खायची सवय तिला तिथंच लागली, आणि पुढे तीच सवय तिच्या उपयोगी पडली.

तिथून ती या संस्थेत आली तेव्हा तिला स्वतःचं टेबलसुद्धा नव्हतं. तिच्याहून थोड्या मोठ्या, आधीपासून काम करणाऱ्या एका मुलीच्या टेबलाचा अर्धा भाग तिला मिळाला. ती मुलगी म्हणजे ताई. ताईनं तिला बर्नरच्या ज्योतीजवळ हात न भाजता बशी कशी उघडायची ते शिकवलं, साहेब चिडला की खिडकीबाहेर बघत कसं उभं राहायचं तेही शिकवलं, आणि एका दुपारी ‘चल, आमच्याकडे जेवायला’ म्हणून घरी नेलं. दार ताईच्या भावानं उघडलं. पुढचं सांगायला नकोच. वर्षभरात टेबलावरची मैत्रीण नणंद झाली आणि दोघींना चेष्टेला नवा विषय मिळाला.

कात्रीचं नाव झालं ते बटाट्यांमुळे. गोदामात बटाट्यांना मोड येऊ नयेत म्हणून एका वनस्पतीच्या तेलाचा वाफारा द्यायची कल्पना तिची नव्हती. कल्पना एका सरांची होती आणि प्रयोगशाळेत ती सुरेख चालत होती. गोदामात मात्र बटाटे खुशाल मोड काढून बसायचे. सर म्हणाले, गोदामवाले आळशी आहेत. गोदामवाले म्हणाले, सर वेडे आहेत. कात्री स्वेटर घालून त्या थंड गोदामात जाऊन बसली, हमालांबरोबर चहा प्यायली, आणि तिच्या लक्षात आलं की पोती अशी रचतात की वाफारा मधल्या रांगांपर्यंत पोचतच नाही. रचना बदलली, मोड थांबले. शोध सरांचा राहिला, पण दोन्हीकडची भाषा बोलणारं माणूस म्हणून वरच्यांच्या नजरेत ती भरली. एकेक पायरी चढत ती सगळ्या इमारतीची प्रमुख झाली, म्हणजे ताईचीही. कानामागून आली आणि तिखट झाली, असं लोक म्हणालेच. ताई मात्र म्हणाली, “बरं झालं बाई, मला त्या मीटिंगांमध्ये झोप येते.” आणि ती आपल्या बुरशीकडे वळली.

बुरशी हे ताईचं जन्माचं काम. कापणीनंतर शेतात जी काडं आणि भुसा उरतो, त्यावर तिनं एक पांढरी बुरशी वाढवली होती. ती वाळवून, दळून, तिच्यापासून माणसांनी खायचं प्रथिन करायचं. जे लोक जाळतात त्यातून जेवण करायचं, एवढी साधी आणि एवढी मोठी ती गोष्ट होती. इमारतीत तिला बुरशीताई म्हणत. ती एकटी राहायची, भावाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि रविवारी दुपारी डब्यात त्या बुरशीच्या पिठाची कटलेटं घेऊन जेवायला यायची. “खा आणि सांगा,” म्हणायची. भाऊ म्हणायचा, छान. कात्री म्हणायची, छान. मग तिघं जेवायला बसायची.

प्रमुख झाल्यावर कात्रीनं दोन पद्धती घातल्या. पहिली निरोपाच्या चहाची. एखादा प्रकल्प बंद झाला की आठवड्याभरात सगळ्यांनी कँटीनमध्ये जमायचं, चहा प्यायचा आणि त्या प्रकल्पाच्या प्रमुखानं काय झालं ते मोकळेपणी सांगायचं. तिचं म्हणणं, बंद पडलेल्या कामालाही चार माणसांनी खांदा दिला पाहिजे, नाहीतर त्याचं भूत होऊन ते दुसऱ्या नावानं परत येतं. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. पण एका तरुण संशोधकानं भर कँटीनमध्ये रडून आणि हसून आपल्या फसलेल्या टोमॅटोची कहाणी सांगितली, तेव्हापासून लोक त्या चहाला आपणहून यायला लागले.

दुसरी पद्धत अशी, की वर्षातून एकदा सगळ्या प्रकल्पांचा निवाडा व्हायचा तेव्हा ज्याचं ज्याच्याशी नातं असेल त्यानं त्या विषयापुरतं खोलीबाहेर जायचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं तिच्या इमारतीत चालणार नव्हतं. ही पद्धत तिनं मुख्यतः स्वतःसाठीच घातली होती. ताईच्या प्रकल्पाचा पुकारा झाला, ताई आपलं काम मांडायला आत आली की कात्री उठायची, खुर्ची आत सरकवायची आणि बाहेर जाऊन मोठ्या पानांच्या कुंडीशेजारी उभी राहायची. बैठकीच्या खोलीची भिंत काचेची. पण ती आत बघायची नाही, फोनमध्ये डोकं घालायची. थोड्या वेळानं दार उघडायचं आणि कुणीतरी सांगायचं, “झालं मॅडम. मंजूर.” दर वर्षी मंजूर. कात्रीला हायसं वाटायचं. निर्णय आपला नाही, आपले हात स्वच्छ, आणि ताईही खूश. याहून काय हवं?

असं बरंच चाललं असतं. पण त्या वर्षी प्रश्न नुसता पुढच्या वर्षाचा नव्हता. एक खाद्यपदार्थांची कंपनी ताईच्या बुरशीसाठी नवी शेड बांधायला तयार झाली होती. निवाड्यात मंजुरी मिळाली की पाया खणायला सुरुवात. आणि इमारतीतली जिवाणू-बुरशी वाढवायची मोठी टाकी, जी ताईकडे कित्येक वर्षं होती, ती तिच्याकडेच राहणार होती. त्या टाकीसाठी तिघा तरुणांचा दुसरा एक प्रकल्प ताटकळत बसला होता. ताईची निवृत्ती दीड-दोन वर्षांवर आलेली. शेड उभी राहिलेली बघून घरी जायचं, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती तिनं लपवलीही नव्हती.

निवाड्याच्या आठवड्यात चवखोलीची नवी प्रमुख कात्रीच्या खोलीत आली. चवखोली म्हणजे एकेका माणसानं बसायच्या लहान कप्प्यांची खोली. पदार्थाचा रंग कळू नये म्हणून तिथं लाल दिवा असतो, आणि एक नमुना झाला की तोंड धुवायला पाणी आणि साधं बिस्कीट. ही मुलगी नोकरीत नवी होती, बोलायला सरळ होती, आणि त्या दिवशी तिचा चेहरा पडलेला होता.

“मॅडम, मी एक आगाऊपणा केलाय,” ती म्हणाली. “बुरशीच्या कटलेटांना आपल्याकडे दर वर्षी जास्त मार्क मिळत गेलेत. पण चव घेणारी माणसं कोण, ते मी बघितलं. सगळी आपलीच. वर्षानुवर्षं तीच. म्हणून मी बाहेरची माणसं बोलावली. समोरच्या बँकेतली, बस डेपोतली, शाळेतल्या शिक्षिका.”

“मग?”

“एका बाईंनी फार सभ्यपणे कागदी रुमाल मागितला आणि त्यात थुंकल्या. बाकीच्यांनी रुमालसुद्धा मागितला नाही.”

कात्रीला आधी हसूच आलं. मग ते हसू गेलं. मार्क चढत गेले होते ते कटलेट सुधारलं म्हणून नव्हे. खाणाऱ्यांच्या जिभा त्याला सरावल्या म्हणून चढले होते. हे तिला समजायला हवं होतं, कारण बिस्किटांच्या कारखान्यात पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात, की चव घेणारी माणसं बदलत ठेवा, जीभ फितूर होते. तिनं स्वतःच्या जिभेला विचारून बघितलं. कटलेट तिला खरंच आवडत होतं. हे तर त्याहून वाईट. अगदी पहिल्या रविवारी ते कसं लागलं होतं, हे आठवायला तिला प्रयत्न करावा लागला. कडू. घशाशी येणारं कडू, आणि ओल्या पोत्याचा वास. तेव्हा ती नवी सून होती, आणि नणंद समोर उत्सुकतेनं बघत होती, म्हणून ती छान म्हणाली होती. मग पुढच्या रविवारीही. नंतर नंतर ते खोटंही राहिलं नाही.

“हे आधी कुणालाच दिसलं नाही?” तिनं विचारलं.

मुलीनं खांदे उडवले. ती नवी होती, तिला काय माहीत. माहीत असलेला माणूस पलीकडच्या खोलीत बसायचा. तो बैठकींचं सगळं वेळापत्रक सांभाळायचा, म्हणून त्याला घड्याळ म्हणत. इमारतीत सगळ्यात जुना तोच. कात्रीनं त्याला बोलावलं, दार लावलं आणि तोच प्रश्न केला.

घड्याळानं चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला. “मॅडम, खरं सांगू का?”

“खोटं ऐकायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही.”

“दिसलं होतं. निदान तिघा-चौघांना. पण तुम्ही बाहेर जायचात ना.”

“म्हणजे? मी बाहेर गेल्यावर तर तुम्हाला मोकळेपणी बोलता यावं. त्यासाठीच तर...”

“तुम्ही आत असता तर आम्ही तुमच्याशी भांडलो असतो,” घड्याळ म्हणाला. “दुसऱ्या विषयांवर भांडतोच की. तुम्ही उलटं विचारता, आम्ही उलटं बोलतो, शेवटी काहीतरी ठरतं. पण तुम्ही खुर्ची सरकवून बाहेर जायचात आणि आम्ही सगळे त्या खुर्चीकडे बघत बसायचो. रिकाम्या खुर्चीशी कोण भांडणार? प्रत्येकाला वाटायचं, मॅडमच्या नणंदेचं काम आपण कशाला बंद करा. अवघड जागेचं दुखणं. मग हात वर व्हायचे. माझाही व्हायचा.”

कात्रीच्या नियमानं ताईला वाचवलं होतं, आणि तेही अशा तऱ्हेनं की कुणीच काही चुकीचं केलेलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. कारण कुंडीपाशी उभं राहताना तिला हायसं वाटायचं, आणि ते हायसं वाटणं न्यायाचं नव्हतं. आपल्याला बोलावं लागत नाही, याचं होतं.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नवऱ्याचं तत्त्व असं, की नणंद-भावजयीच्या मध्ये पडू नये, आणि बहीण-बायकोच्या मध्ये तर मुळीच पडू नये. त्यामुळे तो झाडांना पाणी घालायला गॅलरीत गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. “ते पहिल्यापासून वाईटच लागायचं गं,” तो म्हणाला. “पण तिला काय सांगणार? तिच्याकडे दुसरं आहे काय?”

आता पेच उघड होता. नियमाप्रमाणे कात्री बाहेर गेली, तर मंजुरी ठरलेली. बाहेरच्या माणसांची चाचणी एकच आहे, नवी मुलगी उत्साही आहे, असं म्हणून ते प्रकरण गुंडाळलं जाणार, शेड उभी राहणार, आणि मग ताईचं जन्माचं काम दुकानांच्या फळ्यांवर सडणार, सगळ्या जगासमोर. ती आत बसली तर काम इथंच संपणार, आणि ताई बहुधा भावाच्या घराची पायरी पुन्हा चढणार नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

निवाड्याच्या आदल्या दुपारी ती ताईच्या प्रयोगशाळेत गेली. ताई टाकीच्या काचेतून आत बघत होती, एका हातानं टाकीचा नळ धरून, जशी ती नेहमी उभी राहायची. टाकीत पांढरं, ढगाळ काहीतरी सावकाश फिरत होतं.

“ताई, ताकाला जाऊन भांडं लपवत नाही,” कात्री म्हणाली, आणि बाहेरच्या चाचणीचं सगळं सांगून टाकलं. थुंकलेल्या बाईचंही.

ताईनं नळ सोडला. “बँकेतली माणसं,” ती म्हणाली. “त्यांना काय कळतं चवीतलं?”

“विकत घेणारी माणसं तीच असणार ना.”

“आणि तू? इतके रविवार तू काय म्हणायचीस?”

“छान.”

“मग?”

“आधी खोटं बोलायचे. मग खरंच आवडायला लागलं. सवय झाली गं ताई. आपल्या सगळ्यांनाच सवय झाली.”

ताई तिच्याकडे बघत राहिली. आवाज चढवायची तिची पद्धत नव्हती, पण त्या दिवशी तिचा आवाज इतका खाली गेला की कात्रीला पुढं वाकून ऐकावं लागलं. “उद्या माझा विषय आला की तू बाहेर जा,” ती म्हणाली. “नियम तुझाच आहे.” आणि पुन्हा टाकीकडे वळली.

निवाड्याच्या दिवशी नेहमीसारखीच सगळी मंडळी नेहमीच्या जागी बसली होती. आधीच्या विषयांवर यथास्थित भांडणं झाली, एका प्रकल्पाला कात्री लागली, दोन सुटले. मग घड्याळानं कागद उलटला आणि वर न बघता म्हणाला, “पुढचा विषय ताईंचा.” सगळ्यांनी सवयीनं कात्रीकडे बघितलं. दारापाशी बसलेल्या माणसानं तर तिला वाट मिळावी म्हणून आपले पायही आत घेतले.

कात्री उठली नाही. “मी मत देणार नाही,” ती म्हणाली. “पण बाहेरही जाणार नाही. बाहेर जाऊन आजवर काय झालं ते मला आता कळलंय. ताई माझी नणंद आहे, माझी सगळ्यात जुनी मैत्रीण आहे, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तरीही चवखोलीचा नवा निकाल मीच वाचून दाखवणार आहे, कारण तो वाचायचं ओझं त्या नव्या मुलीवर टाकणं बरं नव्हे. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघू नका. ताईला प्रश्न विचारा, जसे इतरांना विचारता तसे.”

तिनं वाचलं. समोर पडद्याशेजारी उभी असलेली ताई हातातल्या खडूएवढ्या रिमोटशी चाळा करत ऐकत होती. मग प्रश्न सुरू झाले. आधी एक, अगदी मऊ. मग दुसरा, जरा टोकदार. मग इतक्या वर्षांचे प्रश्न एकदम बाहेर आले. ताईनं काहींची उत्तरं दिली, काहींना म्हणाली, “ते मी तपासलेलं नाही,” आणि शेवटी म्हणाली, “झालं माझं. तुम्ही ठरवा.” ती बाहेर गेली.

प्रकल्पांचे प्रमुख मत द्यायच्या वेळी आपापल्या प्रयोगशाळेत परत जात. ताई गेली नाही. कुंडीशेजारी उभी राहिली आणि काचेतून सरळ आत बघत राहिली. प्रकल्प बंद करावा म्हणून हात वर गेले ते तिनं पाहिले. घड्याळाचा हात सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू वर गेला. कात्रीचे दोन्ही हात टेबलावर होते. तिला त्या क्षणी बाहेर धावत जावंसं वाटलं, पण पुढचा विषय पुकारला गेला होता.

त्यानंतर ताई कामावर येत राहिली. टाकी रिकामी केली, धुऊन घेतली, तिघा तरुणांना ती कशी चालवायची ते नीट समजावून दिलं. कुठल्या झडपेचा नट ढिला आहे तेही दाखवलं. कात्रीशी ती कामापुरतं, मॅडम म्हणून बोलली. रविवारी आली नाही. नवऱ्यानं फोन केला तर म्हणाली, बरं वाटत नाही. तीन माणसांचं टेबल दोघांना मोठं व्हायला लागलं, आणि नवरा-बायको दोघंही एकमेकांना ‘मीठ दे’ याखेरीज काही बोलेनात.

निरोपाच्या चहाला ताई येणार नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. कँटीनमध्ये माणसं पेले हातात धरून घुटमळत होती. इतक्यात ताई आली. हातात मोठा झाकणाचा डबा. तिनं तो मधल्या टेबलावर ठेवून उघडला. आत कटलेटं होती, गरम, वाफ येणारी.

“मला भाषण येत नाही,” ती म्हणाली. “शेवटच्या पिठाची आहेत ही. गार होण्याआधी घ्या. आज मार्क नकोत, कप्पे नकोत, लाल दिवा नको. खा आणि खरं सांगा.”

प्रत्येकानं एकेक उचललं. चावण्याचे आवाज झाले. आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा फिरल्या, कुठं फिरल्या असतील ते सांगायला नकोच. कात्रीनं आपल्या हातातला तुकडा संपवला. पुरता संपवला.

“वाईट आहे ताई,” ती म्हणाली. “आधी बरं लागतं, मग घशाशी कडू येतं. आणि वास ओल्या पोत्याचा.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

कुणीतरी श्वास सोडला. मग टाकीवर काम करणारा एक तंत्रज्ञ पेला खाली ठेवत म्हणाला, “ताई, तो वास टाकी फार तापली की येतो, असं मला वाटायचं. थोडी थंड ठेवली असती तर...” त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरी एकजण म्हणाली, “आणि कडवटपणा वाळवताना येतो. ओलं असताना मी चाखून बघितलं होतं, तेव्हा इतकं कडू नव्हतं.” मग आणखी कुणी, मग आणखी. पाणी बदलून बघा, दळण जाड ठेवा, आंबटाची जोड द्या. जिभा सुटल्या. काहीजण तर ताईच्या अगदी जवळ जाऊन हातवारे करत बोलायला लागले.

ताई एकेकाकडे मान वळवून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी कुतूहल आलं, खरंखुरं, कामात बुडालेल्या माणसाचं. तिनं तंत्रज्ञाला दोन प्रश्नही विचारले. आणि मग ते कुतूहल विझलं. “हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत,” ती म्हणाली.

“नाही, म्हणजे, तुम्ही मॅडमच्या...” तंत्रज्ञ म्हणाला आणि थांबला.

ताईनं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तिनं पुन्हा लावलं. “यातलं निम्मं जरी मला वेळेवर कळलं असतं,” ती म्हणाली, “तर मी ते दुरुस्त केलं असतं रे.”

कुणाकडे बघायचं ते कुणालाच कळेना. माणसं हळूहळू पांगली, पेले ठेवण्याचे आवाज झाले. शेवटी दोघीच राहिल्या. कात्री तिच्या समोरच्या खुर्चीवर बसली. मी तुला वाचवत होते असं म्हणावं, असं तिच्या मनात आलं, पण ते खरं नव्हतं म्हणून ती म्हणाली नाही.

“दर वर्षी मला काचेतून दिसायचीस तू,” ताई म्हणाली. “त्या कुंडीपाशी, फोनमध्ये डोकं घालून. मी आत बोलत असायचे आणि मला वाटायचं, ही आत येईल. आत येऊन म्हणेल, ताई, थांब, हे अजून जमलेलं नाही. दुसऱ्या कुणाचं मी ऐकलं नसतं गं. तुझं ऐकलं असतं.”

कात्रीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. “आले मी आत,” ती म्हणाली. “पण फार उशीर केला.”

“हो,” ताई म्हणाली. “फार उशीर केलास.”

ते तिनं गोड करून सांगितलं नाही. मग तिनं किटली ओढली, गार झालेला चहा दोन पेल्यांत सारखा ओतला आणि एक पेला भावजयीकडे सरकवला.